मदत हवी आहे: तीन भावंडं, नदीवरची क्रूझ, केबिन किती आणि कशा घ्याव्यात?

मधली_बहीण
आम्ही तिघं भावंडं सप्टेंबरमध्ये युरोपात नदीवरच्या क्रूझला जातोय. सात रात्री. जोडीदार, मुलं कोणी नाही, फक्त तिघं. एजंट म्हणतो दोन केबिन घ्या: माणशी १८०० युरो, आणि एकट्या राहणाऱ्याला वर ५० टक्के जादा. धाकटा म्हणतो एकूण बिलाचे सरळ तीन भाग करू. ताई म्हणते ज्याला स्वतंत्र खोली, त्याने जादा भरावं. सोमवारी संध्याकाळपर्यंतच केबिन धरून ठेवल्यात. व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा तेही कळत नाहीये. कृपया लवकर सांगा.

घाटवाट
कोणती नदी? कुठून कुठे? तिघांचे पासपोर्ट कुठले? यातलं काहीच न सांगता व्हिसाचं उत्तर कसं देणार?

मधली_बहीण
सॉरी, घाईत राहिलं. डॅन्यूब, जर्मनीतल्या पासाउहून बुडापेस्ट आणि परत पासाउ. ताई नाशिकची, मी पुण्याची, दोघींचे भारतीय पासपोर्ट. भाऊ न्यू जर्सीत, अमेरिकन पासपोर्ट. विमान म्युनिकला उतरतं, म्हणजे जर्मनीचाच व्हिसा ना?

गणिती
आधी पैशाचं. दोघांचे १८००-१८०० आणि एकट्याचे २७००, एकूण ६३००. सरळ तीन भाग केले तर प्रत्येकी २१००. ताईंच्या हिशेबाने एकट्याला २७००. मधला मार्ग असा: जादा ९०० पैकी अर्धे एकट्याने द्यावेत, कारण खोली तो वापरणार. उरलेले अर्धे तिघांत वाटावेत, कारण संख्या विषम आहे हा कोणा एकाचा दोष नाही. म्हणजे एकट्याचे २४००, बाकी दोघांचे १९५०. आणखी एक. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत की टीसीएस (एजंटने बिलाबरोबरच घेतलेला आयकर) लागतो. तो ज्याच्या पॅनवर भरला जातो त्यालाच विवरणपत्रात वळता मिळतो. एकीने सगळ्यांचे भरले तर ती रक्कम वाटणीत धरू नका.

रुळांवरून
मुळात क्रूझच कशाला? ऑस्ट्रियात क्रेम्सला किंवा व्हिएन्नाला तीन बेडरूमचं अपार्टमेंट घ्या. डॅन्यूबची वाखाउ दरी बघायला मेल्क ते क्रेम्स दिवसाच्या बोटी आहेत, एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. प्रवाहाबरोबर पावणेदोन तास, उलट दिशेने साधारण तीन तास. व्हिएन्ना ते बुडापेस्ट रेल्वेने अडीच-पावणेतीन तास. तिघांना तीन खोल्या, भांडणच मिटलं.

घाटवाट
त्यांनी हे विचारलेलं नाही. रोज बॅगा भरायला-उपसायला नकोत म्हणूनच लोक क्रूझ घेतात.
@मधली_बहीण, तारखेनुसार वेळापत्रक टाका, व्हिसाचं त्यावर ठरेल.

मधली_बहीण
शुक्रवारी म्युनिक मुक्काम. शनिवारी पासाउहून जहाज सुटतं. रवि-सोम व्हिएन्ना, मंगळ-बुध बुडापेस्ट, गुरुवारी ब्रातिस्लाव्हा, शुक्रवारी ऑस्ट्रियातलं ड्युर्नश्टाइन आणि मेल्क, शनिवारी सकाळी परत पासाउ. पुन्हा एक रात्र म्युनिक.

घाटवाट
मग रात्री मोजा. ऑस्ट्रिया ४ (शनि, रवि, सोम, शुक्र), हंगेरी २, जर्मनी २, स्लोव्हाकिया १. सगळ्यात जास्त रात्री तिथे, म्हणून शेंगेन व्हिसाचा अर्ज ऑस्ट्रियाकडे. विमान कुठे उतरतं हे तेव्हाच बघतात जेव्हा मुक्काम सारखे पडतात. नेमकी ही चूक खूप जण करतात आणि अर्ज अडकतो. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज चालतो, निदान १५ दिवस आधी तरी हवाच, पण सप्टेंबरसाठी अपॉइंटमेंट आत्ताच बघा. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. क्रूझ कंपनीकडून तिघांची नावं, केबिन नंबर आणि रोजचं बंदर लिहिलेलं पत्र घ्या. जहाजावरच्या रात्रींसाठी राहण्याचा पुरावा तोच. भावाला या प्रवासासाठी व्हिसा लागत नाही. एका बहिणीचा खर्च दुसरी दाखवणार असेल तर नातं सिद्ध करावं लागेल. ताईंचं लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला आणि विवाह नोंदणी दाखला, दोन्ही जोडा.

पूररेषा
सप्टेंबर नको. डॅन्यूबला पाणी कमी असतं, जहाज अडतं आणि बसमध्ये बसवतात. २०२२ च्या उन्हाळ्यात हेच झालं. जून घ्या.

धक्क्यावरून
हे अर्धवट आहे. कमी पाण्याचा बदनाम पट्टा श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, आणि तो पासाउच्या वरच्या अंगाला आहे, यांच्या मार्गात येतच नाही. पासाउपासून व्हिएन्नापर्यंत नदीवर जलविद्युत बंधाऱ्यांच्या पायऱ्या आहेत: योखेनश्टाइनपासून ग्राइफेनश्टाइनपर्यंत नऊ. बंधारा पाणी अडवून धरतो, त्यामुळे पातळी टिकते.

पूररेषा
वाखाउत बंधारा नाही. व्हिएन्नाच्या फ्रॉयडेनाउ बंधाऱ्याखालून जवळपास ब्रातिस्लाव्हापर्यंत नदी मोकळी आहे. स्लोव्हाकियातल्या गाब्चिकोवो बंधाऱ्याच्या खाली बुडापेस्टपर्यंत तर एकही बंधारा नाही. त्या पट्ट्याचं काय? आणि सप्टेंबर २०२४ मध्ये उलट महापूर आला, तेव्हाही जहाजं जागच्या जागी थांबली. पाणी फार चढलं की पुलाखालून जहाज जात नाही.

धक्क्यावरून
मोकळ्या पट्ट्यांचं मान्य. पण यांच्या तारखा ठरल्यात, तेव्हा उपयोगाचं सांगू या. जहाज अडलं तर कंपनी काय देणार, म्हणजे बस, हॉटेल की जहाजबदल, हे कराराच्या अटींत वाचा. परतीचं विमान पासाउला उतरलेल्या दिवसाचं घेऊ नका. एक रात्र म्युनिकला ठेवलीय ते उत्तम केलंय.

आता केबिन. सगळ्यात खालच्या डेकला खिडकी छताजवळ, न उघडणारी, पाणी जवळजवळ तिच्या काठाशी. मधल्या आणि वरच्या डेकला ‘फ्रेंच बाल्कनी’ म्हणतात ते म्हणजे सरकतं काचेचं दार आणि लगेच कठडा. उभं राहायला जागा नाही, हवा मात्र येते. बंदरात जहाजं एकमेकांना चिकटून उभी राहतात, त्यामुळे दारातून शेजारच्या केबिनचा पडदा दिसू शकतो. क्षेत्रफळ बहुतेक १५-१६ चौरस मीटर. दोन पलंग वेगळे केले की मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट, आणि दोन मोठ्या बॅगा उघडायला जागा नाही. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सारायच्या. इंजिन मागच्या टोकाला, थ्रस्टर (जहाज आडवं सरकवणारा पंखा) पुढच्या टोकाला. रात्री लॉकमध्ये (बंधाऱ्यापाशी जहाज वर-खाली नेणाऱ्या अरुंद हौदात) शिरताना जहाज भिंतीला घासतं तो आवाज खालच्या डेकला थेट येतो. म्हणून जहाजाच्या लांबीत मधोमध असलेली केबिन मागा. पलंग वेगळे हवेत हे बुकिंगवर लेखी नोंदवून घ्या, नाहीतर जोडलेले मिळतात.

खाऊगल्ली
बरोबर काय न्यायचं तेही बघा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, बर्फी बाद. आंब्याला प्रमाणपत्र लागतं. चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लसणाची चटणी चालेल.

रुळांवरून
सप्टेंबरात आंबे कोण नेणार?

खाऊगल्ली
हा धागा पुढे मे महिन्यात जाणारेही वाचतील. शाकाहारी असाल तर कंपनीला महिनाभर आधी लेखी कळवा. मासे आणि अंडी चालतात की नाही तेही स्पष्ट लिहा, नुसतं ‘व्हेज’ लिहून भागत नाही.

मधली_बहीण
सगळ्यांचे आभार. व्हिसाचं एकदम स्पष्ट झालं. ताई आणि मी एका केबिनमध्ये राहू असं ठरत होतं. ताईचा गुडघा दुखतो आणि रात्री ती सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून) लावते, त्याची अडचण होईल का?

धक्क्यावरून
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, सगळं यावरच ठरतं. बऱ्याच जहाजांवर लिफ्ट फक्त मधल्या आणि वरच्या डेकमध्ये फिरते. खालच्या डेकला आणि गच्चीवर जिनाच. म्हणून ताईंची केबिन मधल्या किंवा वरच्या डेकलाच, लिफ्टजवळ. बंदरात दोन-तीन जहाजं ओलांडून काठावर जावं लागतं. कधी लॉबीतून सपाट जाता येतं, कधी गच्चीवर चढून पलीकडे उतरावं लागतं. पाणी उतरलं की फळीचा उतारही तीव्र होतो. घडीची काठी घ्याच.

मशीनसाठी: पलंगाजवळ सॉकेट असेलच असं नाही, बरेचदा टेबलापाशी असतात. २-३ मीटरची एक्स्टेन्शन आणि युरोपियन गोल दोन पिनांचा ॲडॉप्टर न्या, आपली जाड तीन पिनांची पिन तिथे बसत नाही. व्होल्टेज २३०, ट्रान्सफॉर्मर नको. डिस्टिल्ड वॉटर आधी कळवून मागवा. मशीन चेक-इनला टाकू नका, हातातल्या सामानात घ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

गणिती
मग एकटी केबिन ताईंना द्या. मशीन, गुडघा आणि रात्री उठणं, तिन्ही सुटतं. मधली बहीण आणि भाऊ खालच्या डेकला पलंग वेगळे करून. खालचा डेक स्वस्त असतो, त्या फरकात ताईंच्या जादा आकारातले बरेच पैसे निघतील. आणि जादा आकार तिघांत सारखा वाटा, कारण आता ती चैन राहिली नाही, गरज झाली.

रुळांवरून
वयात आलेले भाऊ-बहीण पंधरा चौरस मीटरच्या खोलीत सात रात्री? त्यांना चालणार आहे का ते आधी विचारा. बाथरूमचा शॉवर जेमतेम अडीच फुटी, कपडे बदलायला दुसरी जागा नाही.

मधली_बहीण
भावाला आत्ताच फोन केला. त्याला चालेल, मलाही. ताईला मधल्या डेकला लिफ्टजवळची एकटी केबिन, आम्ही दोघं खालच्या डेकला मधल्या भागात. एजंटला डेकच्या दरांतला फरक विचारलाय. भाऊ त्याचे पैसे अमेरिकेतूनच भरतो म्हणतोय, मग बुकिंग वेगळं होईल का?

घाटवाट
होईल. दोन्ही बुकिंग नंबर एकमेकांना जोडून घ्या आणि तसं पत्रावर छापून मागा. नाहीतर केबिनची अदलाबदल झाली की तुम्हाला पत्ता लागत नाही. तुम्ही दोघं एकाच केबिनमध्ये असणार, तेव्हा दोघांचे पैसे वेगवेगळ्या चलनात घेतील का हेही सोमवारच्या आत विचारा. नसतील घेत तर खालची केबिन पूर्ण भावाच्या नावे आणि ताईंची तुमच्या नावे करा, हिशेब मागाहून.