सनमायका लावलेल्या प्लायसाठी सर्क्युलर सॉचे पाते कोणते घ्यावे?

नवशिका_सुतार:
नमस्कार. पुस्तकांच्या कपाटासाठी मी १९ मिमी जाडीचा, दोन्ही बाजूंना सनमायका चिकटवलेला प्लाय कापत आहे. हातात धरून चालवायच्या सर्क्युलर सॉला मशीनसोबतच आलेले १८५ मिमी व्यासाचे, २४ दातांचे पाते आहे. कापाच्या कडेला सनमायकाच्या खपल्या उडतात. दुकानदाराने ६० दातांचे पाते दाखवले, मात्र त्याचे मधले भोक २५.४ मिमीचे आहे आणि माझ्या मशीनवर पाते जिथे बसते तो भाग २० मिमीचा आहे. नट नीट आवळला की चालते, असे त्याचे म्हणणे. ओळखीच्या एका मिस्त्रींनी तर ४ इंची मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून कापा, असे सुचवले. काय करावे, आणि पाते बदलताना काय पाहावे?

वखार_आणि_रंधा:
भोकाचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तडजोड नाही. ५.४ मिमीची ढिलाई असेल, तर पाते केंद्रापासून २.७ मिमीपर्यंत सरकून बसू शकते आणि नट कितीही आवळला तरी ते थरथरतच फिरते. त्या भोकात बसणारी रिंग मिळते, ती घ्यावी. पण रिंगची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा किंचित कमी हवी, नाहीतर वॉशरची पकड पात्यावर न येता रिंगवर येते. २० मिमी भोकाचेच पाते मिळाले, तर हा प्रश्नच उरत नाही.

दातांविषयी दुकानदाराचे बरोबर आहे. सनमायका आणि प्लायसाठी ६० दात योग्य, कारण प्रत्येक दात थोडेच लाकूड काढतो आणि कड स्वच्छ राहते. मात्र याच पात्याने सागवानाची जाड फळी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने उभी चिरायला घेतली, तर दातांमधल्या अरुंद खाचांतून भुसा बाहेर पडत नाही, पाते तापते आणि लाकूड काळे पडते. ते काम २४ दातांचेच, तेव्हा जुने पाते टाकू नका.

हातातल्या सॉचे दात खालून वर कापत येतात, म्हणून खपल्या वरच्या बाजूला उडतात. प्लायची दर्शनी बाजू खाली ठेवा आणि वरच्या बाजूवर काप रेषेवर धारदार चाकूने आधी चीर मारा. निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटते. पात्याची खोली अशी लावा की दात प्लायच्या खाली तीन ते पाच मिलिमीटरच दिसतील.

मशीन_शॉप:
वरील उत्तराशी सहमत आहे. मार्बल कटरबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण तो सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. हे मशीन साधारण १३,००० फेरे प्रति मिनिट फिरते. ११० मिमीच्या पात्याच्या दाताचा वेग त्यामुळे सेकंदाला सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटरच्या घरात जातो. सर्क्युलर सॉचे खालचे गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटते, तसे गार्ड मार्बल कटरला नसते, त्यामुळे काप संपल्यावरही पाते उघडेच राहते. जे मशीन दगड आणि फरशीसाठी बनले आहे, त्यावर दातेरी पाते चढवण्यात काहीही वाचत नाही. ग्राइंडरवर लाकडाचे पाते लावणे तर त्याहून वाईट. कोणतेही पाते घेताना त्यावर छापलेला कमाल वेग तुमच्या मशीनच्या रिकाम्या वेगापेक्षा (काही न कापता फिरतानाचा वेग) जास्त असल्याची खात्री करा.

पाते बदलण्यापूर्वी प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पाते पूर्ण थांबल्यावरच स्पिंडल लॉक (पाते बसलेला दांडा फिरू न देणारे बटण) दाबा. नट पात्याच्या फिरण्याच्या दिशेने फिरवला की सुटतो, कारण चालू कामात तो आपोआप आवळला जाईल असा आटा असतो. दोन्ही फ्लँज (पात्याला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या चकत्या) फडक्याने पुसा. त्यांवर अडकलेला भुश्याचा एक कणसुद्धा पात्याला लचक देतो. पात्यावरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला हवेत. नंतर गार्ड हाताने मागे ओढून सोडा. ते झटकन परत आले नाही, तर काम सुरू करू नका आणि ते तारेने बांधून तर अजिबात ठेवू नका. पाते हाताळताना हातमोजे चालतील, मशीन चालवताना नकोत.

नवशिका_सुतार:
दोघांचेही आभार. २० मिमी भोकाचे ६० दातांचे पाते मागवतो. जुन्या पात्यावर तपकिरी थर जमला आहे. ते घासून परत वापरता येईल का, की धार लावावी?

वखार_आणि_रंधा:
धार गेली असे ठरवण्याआधी थर काढा. प्लायचा डिंक आणि सागाचे तेल जमले की चांगले पातेही जड जाते आणि धूर काढते. पाते काढून कोमट साबणाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि लगेच कोरडे करून तेलाचा पुसट हात फिरवा. कॉस्टिक सोडा वापरू नका. दातांमधील कार्बाइडला (दातांच्या टोकांचा अतिशय कठीण पदार्थ) बांधून ठेवणाऱ्या धातूला तो मारक ठरू शकतो. स्वच्छ करूनही मशीन रेटावे लागत असेल किंवा कडा जळत असतील, तर टिंबर मार्केटमध्ये धार लावून घ्या, मात्र हिऱ्याच्या चाकावर लावतात का, हे विचारून. कार्बाइडवर साधी कानस चालत नाही.

मशीन_शॉप:
घासल्यावर दातांमधल्या खाचांच्या तळाशी भिंग घेऊन पाहा. तिथून निघालेली केसासारखी चीर दिसली, किंवा एखादा दात उडालेला असला, तर ते पाते धार लावण्यालायक राहिलेले नाही.