मदत हवी आहे: अमेरिकेहून दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला आलो आहोत, पत्त्याची नोंदणी अडली आहे

मृद्गंध
नमस्कार. माझ्या नवऱ्याची कंपनीने डेट्रॉइटजवळच्या कार्यालयातून दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला बदली केली आणि आम्ही चौघे तीन आठवड्यांपूर्वी येथे येऊन पोहोचलो. कंपनीने नेमलेल्या मध्यस्थाने पहिल्या तीन महिन्यांसाठी सामानसुमानासह एक फ्लॅट मिळवून दिला आहे. पत्त्याच्या नोंदणीसाठी, म्हणजे येथे ज्याला आनमेल्डुंग म्हणतात त्यासाठी, घरमालकाच्या सहीचा जो कागद लागतो तो देण्यास मात्र या फ्लॅटचे व्यवस्थापन तयार नाही. थोड्या दिवसांच्या भाडेकरूंना आम्ही तो देत नाही, एवढेच एका ओळीचे उत्तर दोन वेळा आले. नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक नाही, बँक खाते उघडून देत नाही आणि शाळाही आधी नोंदणीचा दाखला आणा म्हणते. कायमचे घर पाहायला गेले की पगाराच्या तीन पावत्या मागतात, आणि आमची तर पहिलीसुद्धा अजून हातात आलेली नाही. मुलगी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून समोरच्या शाळेत जाणारी मुले मोजत असते आणि मला तिच्याकडे पाहवत नाही. मंगळवारी पुन्हा नोंदणी कार्यालयात जायचे आहे, तेव्हा तिथे नेमके काय बोलावे हे कृपया लवकर सांगा.

नेकारकाठ
स्टुटगार्टमध्ये अमेरिकी कुटुंब म्हटले की बहुधा लष्कराचे असते, कारण अमेरिकेच्या युरोपीय आणि आफ्रिकी अशा दोन्ही सैन्य विभागांची मुख्यालये याच शहरात आहेत. तसे असेल तर तुम्हाला ही नोंदणी करावीच लागत नाही. तळावरच्या गृहनिर्माण कार्यालयात जा, ते घर शोधून देतात, आणि मुलांसाठी तळावरच अमेरिकी शाळा आहेत. आमच्या शेजारी असे एक कुटुंब चार वर्षे राहत होते आणि त्यांना यातला काहीच त्रास झाला नाही.

मृद्गंध
आमचा लष्कराशी काहीही संबंध नाही. नवरा मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत अभियंता आहे.

रानवाटा
ताई, भाडेकरार कोणाच्या नावावर आहे, तुमच्या यजमानांच्या की कंपनीच्या? आणि ही जागा हॉटेलसारखी दिवसावर घेतलेली आहे की लेखी करारावर? या दोन गोष्टी कळल्याशिवाय नीट उत्तर देता येणार नाही. एक मात्र नक्की सांगतो. संघीय नोंदणी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे घर देणाऱ्याने हा कागद देणे बंधनकारक आहे आणि त्याने नकार दिला तर ते नोंदणी कार्यालयाला विनाविलंब कळवणे ही भाडेकरूची जबाबदारी आहे. म्हणजे मंगळवारी तुम्ही विनवणी करायला जात नसून कायद्याने सांगितलेली माहिती द्यायला जात आहात. व्यवस्थापनाच्या त्या दोन्ही ईमेल छापून सोबत न्या.

दूरदेशी
मला ही घाई अनाठायी वाटते. एरवी परदेशात राहणारा आणि जर्मनीत कुठेही नोंद नसलेला माणूस अशा तात्पुरत्या जागेत राहत असेल, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत नोंदणी न करण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. शिवाय अमेरिकी नागरिक व्हिसाशिवाय येऊन राहण्याच्या परवान्यासाठी येथूनच अर्ज करू शकतात. आम्ही टेक्सासहून आलो तेव्हा नोंदणी अकराव्या आठवड्यात केली आणि काही बिघडले नाही. तोवर घर शोधा. लक्षात ठेवा की येथील बहुतेक रिकाम्या घरांत स्वयंपाकघराचे ओटे आणि कपाटेही नसतात, आणि अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही.

रानवाटा
दूरदेशी, मुभा आहे म्हणून गरज संपते असे नाही. कायदा या कुटुंबाच्या मागे लागलेला नाही, हे कुटुंबच त्या दाखल्यावाचून अडले आहे. अकरा आठवडे शाळा, पगार आणि बँक यांच्याविना काढता येतात हा तुमचा अनुभव असेल, पण तो सगळ्यांना सल्ला म्हणून देऊ नका.

दूरदेशी
बँकेसाठी नोंदणी लागतेच असे नाही. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही मूलभूत खाते मागण्याचा हक्क जर्मनीत 2016 पासून आहे, अगदी कायमचा पत्ता नसला तरी. अमेरिकी नागरिक म्हटले की काही बँका अमेरिकेच्या कर खात्याला माहिती देण्याच्या कटकटीमुळे नाखूश असतात, तेव्हा मूलभूत खात्याचा अर्ज लेखी द्या आणि नकारही लेखीच मागा.

वही_पेन
मूळ प्रश्नातली एक गोष्ट कोणीच विचारलेली नाही. चौघांचेही पासपोर्ट अमेरिकी आहेत का? आणि मुले किती वर्षांची आहेत?

मृद्गंध
सर्वांचे आभार. करार लेखी असून नवऱ्याच्या नावावर आहे. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. नवरा आणि दोन्ही मुले अमेरिकी नागरिक आहेत. माझा पासपोर्ट भारतीय आहे आणि माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. मी शिकागोच्या जर्मन वकिलातीतून राष्ट्रीय व्हिसा घेऊन आले, तो 22 नोव्हेंबरला संपतो. आम्ही घरात स्वतःला अमेरिकी कुटुंबच म्हणतो, त्यामुळे हे वेगळे लिहावे असे मनात आले नाही.

वही_पेन
ताई, मग सगळ्यात आधी ती 22 नोव्हेंबरची तारीख. घरात चौघे एकत्र असलात तरी परदेशी नागरिक कार्यालयाच्या लेखी तुमची वाट वेगळी आहे. व्हिसा संपण्याच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज त्या कार्यालयात पोहोचला पाहिजे. भेटीची वेळ पुढची मिळाली तरी चालते, अर्ज मुदतीत दाखल असणे महत्त्वाचे. निवास कायद्याच्या कलम 81 नुसार मग निर्णय होईपर्यंत तुमचा जुना हक्क चालू मानला जातो आणि तसा एक दाखला मिळतो, त्याला फिक्टिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. तुमच्यासारखे व्हिसा घेऊन आलेले लोक त्या दाखल्यावर देशाबाहेर जाऊन परत येऊ शकतात. व्हिसाशिवाय येऊन अर्ज करणाऱ्यांच्या दाखल्याचा प्रकार निराळा असतो आणि त्यावर ही सोय नाही, म्हणून यजमानांनी आणि मुलांनी परवाना हाती येण्याआधी प्रवास ठरवू नये.

दूरदेशी
हे माहीत असते तर तीन महिने थांबा असे मी म्हटलेच नसते. माझा आधीचा सल्ला या कुटुंबाला लागू नाही. मुदतीत अर्ज द्यायचा तर पत्त्याची नोंद लवकर झालेलीच बरी.

कृष्णाकाठची
मी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते, त्यामुळे जर्मनीचे मला फारसे ठाऊक नाही. पण ग्रीन कार्डाचे कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. दोन वर्षांसाठी निघताना तुम्ही पुनर्प्रवेश परवाना काढला होता का? सलग एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिले की नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. त्या परवान्याचा आय-131 हा अर्ज तुम्ही स्वतः अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो, जर्मनीतून पाठवून चालत नाही. माझ्या नणंदेने सासूबाईंच्या आजारपणात सांगलीला चौदा महिने काढले, तेव्हा हे न केल्याने तिला फार सोसावे लागले.

मृद्गंध
नाही, काढलेला नाही. मध्यस्थाने दिलेल्या यादीत लसीकरणापासून वाहन परवान्यापर्यंत बत्तीस कामे होती, त्यात हे नव्हते. कालपासून मला झोप नाही.

कृष्णाकाठची
अजून काहीच हातचे गेलेले नाही. सहा महिन्यांच्या आत एक फेरी अमेरिकेला मारा, तिथे अर्ज भरा आणि बोटांच्या ठशांचे काम उरकून परत या. दुसरे म्हणजे, यजमानांची कंपनी अमेरिकी असेल आणि तिनेच त्यांना नेमून पाठवले असेल, तर परदेशी नेमणुकीवरील नागरिकाच्या जोडीदाराला राहण्याच्या वर्षांची अट न लावता नागरिकत्व मागता येते. नागरिकत्वाच्या कायद्यातील कलम 319 चा ब भाग वकिलाला दाखवा. पण नेमणुकीचे पत्र कोणत्या शब्दांत लिहिले आहे यावर बरेच अवलंबून असते.

नेकारकाठ
शाळेबद्दल माझे मत विचारात घ्या. मुलीला आंतरराष्ट्रीय शाळेतच घाला. येथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते आणि पुढे मुलांच्या वाटा वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांकडे फुटतात. जर्मन न येणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला नेमके त्याच वर्षी तिथे बसवणे योग्य नाही.

खडू_फळा
मी या राज्यात प्राथमिक शाळेत शिकवते आणि मला हे पटत नाही. आमच्याकडे जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग असतात. माझ्या वर्गात आलेली एक मुलगी पहिले सहा आठवडे काहीच बोलली नाही, फक्त हजेरीच्या वेळी बोट वर करायची. सातव्या आठवड्यात तिने शेजारच्या मुलाला खोडरबर परत दे म्हणून जर्मनमध्ये खडसावले. दोन वर्षांसाठीच आला असाल तर उलट मुलीला शेजारच्या मुलांमध्ये जाऊ द्या. मंगळवारी पूर्वतयारीचा वर्ग कोणत्या शाळेत आहे हेही विचारून घ्या.

सोनचाफा
अमेरिकेतला तांदळाचा कुकर येथे लावू नका, तिथली वीज 120 व्होल्ट आणि येथे 230 व्होल्ट. भारतातून नेलेला मिक्सर असेल तर तो मात्र येथे ट्रान्सफॉर्मरशिवाय चालतो, फक्त पिनेला अडॅप्टर लागतो. आणि जिन्यात तुमच्या दाराला एखादी पाटी अडकवलेली दिसली तर ती काढून ठेवू नका. त्या आठवड्यात जिना झाडण्याची पाळी तुमची आहे, असा तिचा अर्थ.

मृद्गंध
मंगळवारचे कळवते. रानवाटा यांनी सांगितले तसे मी कलम 19 चा उल्लेख करून सोमवारी सकाळी व्यवस्थापनाला लिहिले, आणि नकार कायम असेल तर उद्या कार्यालयाला कळवणार आहे असेही लिहिले. संध्याकाळी सहीचा कागद ईमेलने आला. मात्र त्यावर एकट्या नवऱ्याचे नाव होते. खिडकीवरच्या बाईंनी त्याची नोंद केली, पण आम्हा तिघांची नावे असलेला कागद पुन्हा आणायला सांगितला. आमच्या विवाह नोंदणीच्या मराठी दाखल्याचा जर्मन अनुवादही मागितला. माझा परवान्याचा अर्ज आज ऑनलाइन दाखल केला आणि पोच छापून ठेवली. डिसेंबरमध्ये डेट्रॉइटला जाण्याचे ठरवले आहे. अनुवाद भारतातून करून आणलेला चालेल का?

रानवाटा
येथील न्यायालयाने शपथबद्ध केलेल्या अनुवादकाकडूनच करून घ्या. मराठीचे अनुवादक फार थोडे आहेत, म्हणून आधी विवाह नोंदणी कार्यालयाकडून इंग्रजी दाखला मिळतो का ते पाहा, इंग्रजीचा अनुवादक लगेच सापडेल. आणि आज घरी गेल्यावर खालच्या पत्रपेटीवर दोन्ही आडनावे चिकटवा. तुमचे आडनाव वेगळे असेल आणि पेटीवर फक्त यजमानांचे असेल, तर तुमचा कर क्रमांक आणि परदेशी नागरिक कार्यालयाचे पत्र दोन्ही पोस्टमन परत घेऊन जाईल.

मृद्गंध
आडनाव वेगळेच आहे. आत्ताच खाली जाऊन चिकटवून आले.