टीव्हीवर एकदाच दिसायचं, ते नीट कसं बघायचो आणि जपायचो? (घरी कार्यक्रम रेकॉर्ड करणारा व्हीसीआर येण्याआधीचे अनुभव)

गच्चीवरचा कावळा: सोसायटीच्या गच्चीतला शेवटचा अँटेना परवा भंगारात गेला आणि सगळं डोळ्यांसमोर आलं. दूरदर्शनवरचे ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘छायागीत’, हुकलं की गेलं. म्हणून तर ‘साप्ताहिकी’ (आठवड्याचे कार्यक्रम सांगायचे ते) लागली की वही-पेन घेऊन बसायचं. नुसतं ‘काय दिवस होते’ नको मंडळी, काय युक्त्या करायचात ते लिहा.

सिंहगड रोड: आमच्याकडे १९७३ पासून सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्यावरून दिसायचं. मुंग्या आणि डबल चित्र ही दोन वेगळी दुखणी. मुंग्या (पडद्यावर वळवळणारे ठिपके) म्हणजे सिग्नल कमी, अँटेनाची दांडी उंच करा. डबल म्हणजे डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून उशिरा येणारा सिग्नल, तिथे उंचीचा उपयोग होईलच असं नाही. अँटेना थोडा तिरका फिरवायचा, मूळ सिग्नल जरा कमी झाला तरी चालेल. आणि अँटेनापासून टीव्हीला येणारी चपटी वायर लोखंडी पाइपला टेकू द्यायची नाही, चार बोटं लांब.

मालवणी ताई: कोकणात खरा शत्रू खारा वारा. तांब्याची वायर अ‍ॅल्युमिनियमच्या काडीला जिथे आवळतात तिथेच सडते. पावसाळ्याआधी नट सोडून पॉलिश पेपरने घासायचं, परत आवळून वर ग्रीस. बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) वर, अँटेनाजवळच. खाली टीव्हीपाशी लावला तर वायरीत शिरलेला कचराही तितकाच मोठा होतो.

सातारकर: चित्र वर-खाली पळतंय = टीव्हीचा व्ही-होल्ड नॉब फिरवा. तिरके पट्टे = एच-होल्ड नॉब. चारही बाजूंनी आकसलं = व्होल्टेज पडलं, नॉब पिळत बसू नका, स्टॅबिलायझर बघा.

मालवणी ताई: @सातारकर दादा, अगदी!! संध्याकाळी हमखास

मराठवाडा एक्सप्रेस: रामायण (१९८७) आणि भारनियमन. छोटे ब्लॅक अँड व्हाइट सेट १२ व्होल्टवर चालायचे, ट्रॅक्टरची बॅटरी आणायची. लाल चिमटा प्लसलाच, उलटा लागला तर निदान फ्यूज तरी गेलाच. बाकी घाईत, दूध उतू चाललंय

टेपवाले काका: आवाज तरी टेपरेकॉर्डरवर जपता यायचा. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटं, अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला बेताची, म्हणून सी-९०. सी-१२० ची फीत इतकी पातळ की गुंतायचीच. सुरुवातीची पारदर्शक पट्टी पेन्सिलीने गुंडाळून तपकिरी फीत दिसेपर्यंत आणायची, नाहीतर शीर्षकगीताचे पहिले स्वर गेले. माइक स्पीकरपासून वीतभर, पंखा बंद. झालं की कॅसेटच्या मागचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडायचे, म्हणजे वरून कुणी रेकॉर्ड करणार नाही. टीव्हीच्या आतून वायर काढायची नाही! अनेक सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट घरच्या विजेला जोडलेली असायची, जीव जाईल.

गच्चीवरचा कावळा: काका, हे शेवटचं फार महत्त्वाचं.

पुणेरी पगडी: ‘चिमणराव’मध्ये चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. कुणाकडे कॅसेट आहे का हो?

अंधारखोली: पडद्याचे फोटोही निघायचे. फ्लॅश नको, त्याने पडदा पांढरा होतो. खोलीत अंधार, कॅमेरा स्टँडवर. चित्र सेकंदाला २५ वेळा पूर्ण होतं, त्यामुळे शटर १/६० सेकंदाला ठेवलं तर अर्धवट चित्र आणि काळा पट्टा येतो. कॅमेऱ्याला पाकळ्यांचं (भिंगातच उघडझाप करणारं) शटर असेल तर १/३० सुद्धा बरेचदा चालतं, पण १/१५ बरं. फिल्मपुढून सरकणाऱ्या पडद्याचं शटर असेल तर १/८ लागतं, नाहीतर पट्टा तिरका येतो. बोलणारा माणूस क्षणभर थांबला की बटण दाबायचं.

पुणेरी पगडी: @टेपवाले काका, माझ्याकडे दुसऱ्याच जुन्या कॅसेट आहेत. लावू का?

टेपवाले काका: थेट प्ले नको. आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा, चिकटलेले वेढे सुटतात. आतला छोटा स्पंज फितीमागे आहे ना बघा, तो पडला असेल तर आवाज दबका येतो. दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवा. हेड स्पिरिटने पुसा. टेप डेकमधला रबरी पट्टा डांबरासारखा झाला असेल तर आधी तो बदला, तोवर कॅसेट आत घालू नका.