सराव उड्डाणात मरण आलेल्या युद्धकालीन हवाई सैनिकाची नोंद कुठे शोधावी?

प्रश्न
ब्रिटिश हवाई दलातील एका तरुण नॅव्हिगेटरवर, म्हणजे विमानाचा मार्ग आखणाऱ्यावर, मी लेख लिहीत आहे. १९४३ मध्ये रात्रीच्या सराव उड्डाणात त्याचे वेलिंग्टन बॉम्बफेकी विमान इंग्लंडमधील एका डोंगरावर आदळले आणि आतले सगळेच मृत्युमुखी पडले. शत्रूच्या मुलखावर तो एकदाही गेला नव्हता. अशा माणसाची गणना युद्धातील मृतांत होते का, आणि अपघाताचा तपशील कुठे मिळेल?

प्रतिसाद १
गणना होते, आणि तीही बरोबरीने. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना जो सैनिक गेला, तो गोळीने, अपघाताने की आजाराने गेला हे न पाहता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही युद्धमृतांच्या थडग्यांची देखभाल करणारी संस्था त्याची नोंद ठेवते. थडग्यावरच्या दगडावर दलाचे चिन्ह, हुद्दा, नाव, तारीख आणि कुटुंबाने निवडली असल्यास तळाशी एक ओळ असते. मृत्यूचे कारण सहसा नसतेच. बॉम्बर कमांड या हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या ५५,५७३ मृतांपैकी आठ हजारांहून अधिक जण सरावातील व इतर अपघातांत गेले, हेही लेखात यावे.

प्रतिसाद २
तपशिलासाठी 'फॉर्म ११८०' हे अपघाताचे कार्ड पाहावे. ती कार्डे रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहेत. मात्र त्यावर 'वैमानिकाची चूक' असा शेरा आढळल्यास तो तसाच उतरवून घेऊ नये. प्रशिक्षण केंद्रांकडे बहुधा आघाडीवर वापरून झिजलेली विमाने येत, खाली दिवे विझवलेला प्रदेश असे, आणि वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी नकाशावरची जागा व प्रत्यक्ष जागा यांत काही मैलांचे अंतर पडे. ढगांतून खाली उतरताना तेवढे पुरेसे होते. शिवाय सगळेच गेलेले असताना त्यांची बाजू मांडणार कोण?

प्रश्नकर्ता
आभार. लेख एकट्या नॅव्हिगेटरचाच ठेवावा का?

प्रतिसाद ३
माझ्या मते ठेवू नये, विमानातल्या सगळ्या चमूचा करावा. ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट या मोहिमांपूर्वीच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या मुलांना एका हँगरमध्ये एकत्र आणून आपापले सोबती निवडायला सांगत, त्यामुळे हे चमू बऱ्याचदा त्यांनी स्वतःच जमवलेले असत. मरणानंतर मात्र ते विखुरले: ब्रिटिश मुलांचे देह अनेकदा घरच्यांनी गावी नेले, तर कॅनडा-ऑस्ट्रेलियाची मुले जवळपासच्या दफनभूमीत राहिली. म्हणून कमिशनच्या यादीत दफनभूमीवरून शोधू नका, मृत्यूच्या तारखेवरून शोधा, आणि मिळालेली नावे कार्डाशी ताडून पाहा.