केटी (कामाची माहिती सोपवणं) झाली, माणूस नोकरी सोडून गेला. आता कारण कुणाला विचारायचं?

मूळ धागा
सात वर्षं सपोर्टमध्ये आहे. नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात तीन केटी कॉल होतात आणि माणूस जातो. सहा महिन्यांनी रात्री दोनला बिलिंगचा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) बंद पडतो. कोडमध्ये दिसतं: दर ३ तारखेला हा टप्पा वगळा. का? कुठेच लिहिलेलं नाही. ती ओळ काढायची छाती होत नाही. कोड काय करतो ते कोडच सांगतो; का करतो ते लिहून ठेवल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी मानत नाही.

प्रतिसाद १
असहमत. आमच्याकडे विकीवर ढीगभर पानं आहेत, निम्मी कालबाह्य. चुकीचा पत्ता हातात असला की माणूस विचारायचंही थांबतो. त्यापेक्षा कोड आपोआप तपासणारी टेस्ट लिहा. कोड बदलला की टेस्ट लगेच ओरडते, पान गप्प बसतं.

धागाकर्ती
टेस्ट लिहिणाऱ्याला सुचेल तेवढंच तपासते. ४ जून १९९६ ला एरियन ५ हे युरोपचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत फुटलं. दिशादर्शक यंत्रणेचा कोड आधीच्या एरियन ४ चा. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. अशा धोक्यातल्या सात चलांपैकी (कोडमधल्या बदलत्या संख्यांपैकी) तीन जाणूनबुजून संरक्षणाविना ठेवली होती. एरियन ४ साठी ते चाललं. या निर्णयाचं कारण चौकशी समितीला सोर्स कोडमध्ये सापडलं नाही.

प्रतिसाद २
त्या समितीचाच अहवाल पुढे म्हणतो की कागदपत्रं इतकी होती की या निर्णयामागचं गृहीतक त्यांत झाकलं गेलं. शिवाय एरियन ५ च्या उड्डाणमार्गावर यंत्रणा तपासली असती, तर चूक जमिनीवरच कळली असती. म्हणजे टेस्टच कमी पडली.

धागाकर्ती
टेस्ट हवीच, ढीग मलाही नको. पण समितीची शिफारसही वाचा: निर्णयांच्या समर्थनाच्या कागदपत्रांकडे कोडइतकंच लक्ष द्या, दोन्ही जुळती ठेवा. मी मागते त्या कारणाच्या दोन ओळी, कोडला चिकटून. रिव्ह्यूत (सहकारी कोड तपासतात तेव्हा) त्या नसतील तर मंजुरी नाही.

प्रतिसाद १
रिव्ह्यूत अडवणार असाल तर दोन ओळी मान्य. वेगळं पान मात्र लिहिणार नाही. त्या ३ तारखेचं काय झालं?

धागाकर्ती
सोडून गेलेल्या सहकाऱ्याला फोन केला. पूर्वी बँकेची फाइल ३ ला येत नसे, म्हणून ती ओळ. आता रोज येते. ओळ काढली, आणि कारण कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) लिहिलं.