‘पुट अप’चा गुंता सोडवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाचीला दहावीचं इंग्रजी शिकवतोय आणि ‘पुट अप’पाशी गाडी अडली आहे. भिंतीवर पोस्टर लावणं, तंबू ठोकणं, भाडं वाढवणं, पाहुण्याची रात्रीपुरती सोय करणं, सगळ्याला ‘पुट अप’च! पुढे ‘विथ’ लागलं की अर्थ एकदम निमूटपणे सोसणं, आणि ‘हू पुट यू अप टू धिस?’ म्हणजे तुला फूस कुणी लावली.

खरी अडचण क्रमाची. ‘पुट अप द टेंट’ आणि ‘पुट द टेंट अप’ दोन्ही चालतं, पण सर्वनाम आलं की ‘पुट इट अप’च. मग ‘पुट अप विथ इट’मध्ये ते ‘इट’ मधे का शिरत नाही? ‘पाठ कर’ म्हटलेलं भाचीला पटत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

शिवाय आपल्याकडे सर्रास विचारतात, ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ म्हणजे मुक्काम कुठे. लंडनमध्ये हे आज कुणी बोलतं का, की जुनं वळण आपणच धरून बसलोय? तिकडे राहणाऱ्यांनी जरूर सांगा. रोजच्या बोलण्यातली उदाहरणं दिलीत तर फार बरं. व्याकरणाच्या पुस्तकातली आहेत माझ्याकडे.