मदत हवी आहे: घाटात डिझेल गाडीचा दम जातो, कोड पी०२९९, गॅरेजवाला म्हणतो टर्बो बदला

घाटवाट
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल, व्हीजीटी टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा, आतल्या पात्यांचा कोन बदलणारा), १ लाख १८ हजार किमी झालेत. पुण्यात रोजच्या वापराला काही त्रास नाही. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की २२००च्या पुढे दम संपतो, मागून काळा धूर येतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. दिवा लुकलुकत नाही, स्थिर असतो. मग इंजिन ३०००च्या वर जातच नाही. बंद करून चालू केली की ठीक, पुढच्या चढाला परत तेच.

ब्लूटूथ स्कॅनरवर एकच कोड, पी०२९९. फ्रीझ फ्रेममध्ये (कोड लागला त्या क्षणाची नोंद) २३५० आरपीएम, लोड ९४ टक्के, कूलंट ८८ अंश, मॅप (इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब) १५० केपीए (किलोपास्कल), रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब) १३४० बार. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना पुण्यात मॅप ९५ दाखवतो. हा कमी आहे ना? सेन्सर गेला असेल का? एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे आहेत.

रेलप्रेशर
सेन्सर बरोबर आहे. मॅप निरपेक्ष दाब दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबासकट. समुद्रसपाटीला १०१ च्या आसपास, पुणे साडेपाचशे मीटरवर, म्हणून ९५. महाबळेश्वरला ८६-८७ दिसला तरी घाबरू नका. म्हणजे तुमचा १५० याचा अर्थ बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) फक्त ५५ केपीए. अशा इंजिनला या आरपीएमला पूर्ण लोडवर मॅप २०० च्या वर जायला हवा. कोड खरं बोलतोय, हवा कमी पडतेय.

रेल प्रेशर १३४० आहे, म्हणजे डिझेल पुरतंय. पंप किंवा इंजेक्टरच्या मागे लागू नका. डिझेलची बाजू कमजोर असती तर रेल प्रेशर कोसळलं असतं, पी००८७ (रेल प्रेशर कमी) आला असता आणि काळा धूर सहसा दिसला नसता.

साधा_मेकॅनिक
कोड अजून पुसू नका. पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते.

दहाचा_पाना
टर्बो बदलण्याची घाई नको. पी०२९९ म्हणजे "टर्बो खराब" नव्हे, "मागितला तेवढा दाब मिळाला नाही" एवढंच. काळा धूर आहे, म्हणजे मॅफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणारा) मोजलेली हवा वाटेत गळत असण्याची शक्यता मोठी. ईसीयू (इंजिनचा संगणक) मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल सोडतो, सिलिंडरला हवा कमी पोचते, धूर होतो. गावात बूस्ट लागतच नाही, म्हणून तिथे कळत नाही.

आधी टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे दोन्ही होज हाताने चाचपा. चीर बहुतेक खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या काठाशी असते आणि दाब आला तरच उघडते. नुसतं बघून "होज चांगला आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बाहेरून ताजं, ओलं तेल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर जागा सापडलीच. आतून तेलाचा पातळ थर असतोच, ब्रीदरमधून (क्रँककेसमधली तेलकट वाफ इनटेकमध्ये आणणारी नळी) येतो. इंटरकूलरमध्ये तेल साचलं असेल तर मात्र टर्बोचं सील तपासायला हवं.

दिसलं नाही तर प्रेशर टेस्ट. टर्बोच्या तोंडाशी जाणारा पाइप काढून तिथे पीव्हीसीचं बूच क्लॅम्पने बसवा, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह. ब्रीदरची नळी त्या भागात येत असेल तर ती चिमटा लावून बंद करा आणि ऑइल फिलर कॅप उघडी ठेवा, नाहीतर क्रँककेसमध्ये दाब जाऊन सील निघतील. दाब ०.७ बार, फार तर १. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला रेग्युलेटर नसेल तर तो लावूच नका. मग सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी. एक्झॉस्टमधून किंवा फिलरमधून थोडा फुसफुसाट येणारच, उघड्या व्हॉल्व्हमधून हवा जाते. ती गळती समजू नका.

रेलप्रेशर
होज पास झाला तर व्हीजीटीचा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे रॉडने टर्बोच्या पात्या हलवणारा भाग. टर्बोवरच्या गोल डबीला बारीक रबरी नळी जात असेल तर तो व्हॅक्यूमवाला. हातपंपाने ५०० मिमी पारा एवढा व्हॅक्यूम द्या. रॉड सरळ, न अडखळता खेचला गेला पाहिजे आणि मिनिटभर तसाच राहिला पाहिजे. सुई उतरली तर डायफ्राम फुटलाय. रॉड अडला तर आतल्या पात्या काजळीने जाम आहेत. दोन्ही ठीक असेल तर त्याला व्हॅक्यूम सोडणारा सोलेनॉइड आणि त्या बारीक नळ्या. इंजिनच्या उष्णतेने त्या टोकाला तडकतात, वरून दिसतही नाही.

साधा_मेकॅनिक
ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला तरी हीच लक्षणं दिसतात, पण ते नंतर. टर्बोचा शाफ्ट बघायचाच असेल तर इंजिन थंड असताना टर्बोचा इनलेट पाइप काढून बघा: आडवी किंचित हालचाल चालते, आत-बाहेर जाणवेल अशी नको, आणि पात्यांनी हाउसिंगला घासल्याची खूण तर अजिबात नको.

घाटवाट
धन्यवाद. प्रेशर टेस्ट केली. इंटरकूलरहून वर येणाऱ्या होजला क्लॅम्पच्या अगदी काठाला साधारण ३ सेंमी चीर, ०.५ बारलाच बुडबुडे. हाताने दाबल्यावरही दिसत नव्हती. शाफ्ट घट्ट आहे, रॉडही नीट हलतो. नवा होज टाकला. त्याच चढावर मॅप २१८. दिवा अजून जळतोय, पुसू का?

दहाचा_पाना
आता पुसा. तसाच ठेवला तरी दोष परत दिसला नाही तर साधारण तीन स्वच्छ ड्राइव्ह सायकलनंतर (दोष न येता गाडी चालू करून, चालवून, बंद करण्याची एक फेरी) दिवा स्वतः विझतो. आणि होज बसवताना पाइपचं तोंड तेल काढून कोरडं केलं होतं ना? तेलकट राहिलं तर बूस्टवर होज निसटतो. क्लॅम्पही पाइपच्या उंचवट्याच्या मागे हवा, उंचवट्यावर नको. जुना क्लॅम्प काठाशी बसवलेला होता म्हणूनच होज तिथे कापला गेला असावा, तो परत वापरला असेल तर उद्याच बदला.